साठीनंतर वजन अडलं तर आणखी कमी खाण्याआधी हे तपासा

सहा-सात महिने वजन बरं उतरत होतं आणि मग काटा एका आकड्यावर येऊन बसला, की बहुतेक जण पहिला हात जेवणावरच घालतात. रात्रीचं जेवण बंद, दूध बंद, आठवड्यातून दोन दिवस उपास. तिशी-चाळिशीत हे एकवेळ पचून जातं. साठीनंतर मात्र हा उपाय महाग पडतो, कारण वजनाबरोबर स्नायूही उतरतात. या वयात गेलेला स्नायू परत मिळवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि वजन पुन्हा वाढलं तर येते ती मुख्यतः चरबी. असं दोन-तीनदा झालं की माणूस पूर्वीइतक्याच वजनाचा राहतो, पण जिना चढताना कठड्याला धरू लागतो.

म्हणून वजन अडलं की क्रम असा ठेवा: आधी ते खरंच अडलंय का ते पाहा, मग औषधं आणि आजार तपासा, मग खाण्याची नीट मोजणी करा, ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं जागेवर आणा. कपातीला हात सगळ्यांत शेवटी.

खरंच अडलंय का?

वजन एका दिवसात किलो-दोन किलोने सहज वरखाली होतं. आदल्या रात्रीचं खारट जेवण, दोन दिवसांचा बद्धकोष्ठ, सांधेदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी, नव्याने सुरू केलेला व्यायाम, या प्रत्येकाने शरीरात पाणी किंवा वजन धरून राहतं. उतारवयात सुरक्षित वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो. म्हणजे पंधरवड्यात खरोखर अर्धा किलो चरबी गेली तरी ती या चढउतारात पूर्ण झाकली जाऊ शकते. दहा दिवस काटा हलला नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत करा. काटा तोच हवा आणि तो कडक, सपाट फरशीवर ठेवलेला हवा. सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो. रोज करा किंवा आठवड्यातून किमान चार दिवस करा, आणि त्या आकड्यांची सरासरी लिहा. तुलना फक्त सरासरीची सरासरीशी, तीही पहिल्या आठवड्याची चौथ्याशी. रोजच्या आकड्याने ज्यांचा दिवस बिघडतो त्यांनी काट्यावरचं वाचन घरातल्या दुसऱ्या कुणाला करून लिहायला सांगावं आणि स्वतः फक्त सरासरी पाहावी.

दुसरा आकडा कंबरेचा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. बेंबी ही खूण धरू नका, पोट ओघळलेलं असेल तर ती खाली सरकलेली असते. टेप चारी बाजूंनी समांतर, अंगाला लागलेला पण न रुतणारा, आणि माप नेहमीसारखा श्वास सोडल्यावर. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. वजन जागेवर आणि कंबर कमी होतेय, तर काहीही अडलेलं नाही. चाललंय तेच चालू ठेवा.

तिसरा आकडा फारसं कुणी लिहीत नाही आणि साठीनंतर तोच सगळ्यांत मोलाचा असतो. साधारण 43 ते 45 सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा, आणि लागलेले सेकंद मोजा. पहिल्यांदा करताना शेजारी कुणीतरी असू द्या. 15 सेकंदांहून जास्त लागले, किंवा हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर पायांची ताकद कमी झाली आहे आणि वजनापेक्षा आधी तिकडे लक्ष द्यायला हवं. महिन्यातून एकदा ही चाचणी करा. वजन उतरतंय आणि सेकंद वाढतायत, हा घाट्याचा सौदा आहे, काट्यावर तो कितीही छान दिसला तरी.

सरासरी वजन आणि कंबर, दोन्ही चार आठवडे जागचे हलले नाहीत, तरच वजन अडलं असं धरा.

एक इशारा इथेच द्यायला हवा. तीन दिवसांत दोन किलो किंवा जास्त वजन वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर ते पाणी साठण्याचं लक्षण असू शकतं आणि हृदयाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. त्या वेळी आहाराचा विचार करत बसू नका.

का अडतं?

यामागे शिस्तीचा अभाव नसतो, बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. शरीर विश्रांतीत किती कॅलरी जाळतं याचा अंदाज काढायचं एक सर्वमान्य सूत्र आहे: किलोमधल्या वजनाला 10 ने गुणा, सेंटीमीटरमधल्या उंचीला 6.25 ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. मग स्त्रियांनी आणखी 161 वजा करायचे, पुरुषांनी 5 मिळवायचे. दिवसभर घरातली कामं आणि थोडं चालणं एवढीच हालचाल असेल तर उत्तराला 1.35 ने गुणलं की दिवसाचा खर्च साधारण कळतो.

68 वर्षांच्या, 155 सेंटीमीटर उंचीच्या आणि 82 किलो वजनाच्या बाईचा हिशेब करू. विश्रांतीतला खर्च 1,288, दिवसाचा सुमारे 1,740. ती 1,450 कॅलरी खाते, म्हणजे रोजची तूट 290. वजन उतरत उतरत 74 वर आलं. आता तिचा दिवसाचा खर्च 1,630 च आहे. तेच खाऊन तूट उरली 180. त्यात वजन उतरलं की शरीर काटकसर करू लागतं: नकळत हालचाल कमी होते, बसणं वाढतं. तिथे आणखी 50 ते 100 कॅलरी वाचतात. उरलेली शंभरेक कॅलरीची तूट भरून निघायला अडीच छोटे चमचे तेल पुरतं. तिने काहीच चुकीचं केलेलं नाही, तरी वजन थांबलं.

भुकेचं गणित याहून कठीण असतं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे 100 कॅलरींनी वाढते असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात पूर्वीइतकंच ‘पोटभर’ जेवूनही अन्न थोडं जास्त जातं, आणि जाणवतही नाही.

वयाचा वाटा किती? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च मोजला होता. शरीराचा आकार जमेस धरला तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिर राहतं आणि साठीनंतर वर्षाला सुमारे 0.7 टक्क्याने उतरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘चाळिशीत चयापचय मंदावलं’ हे तितकंसं खरं नाही, पण साठीनंतरची घसरण खरी आहे. ती हळू आहे. महिन्या-दोन महिन्यांत वजन अडायला ती एकटी कारण नसते.

औषधांची पिशवी समोर ठेवा

ही पायरी बहुतेक लेखांत एका ओळीत उरकली जाते. या वयात तिच्यावर थांबायला हवं, कारण साठीनंतर रोजच्या गोळ्या क्वचितच कुणाला नसतात.

वजन वाढवणारी किंवा उतरू न देणारी औषधं बरीच आहेत. मधुमेहात इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या, पायोग्लिटाझोन. रक्तदाबात अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन. नैराश्य किंवा झोपेसाठीची मिर्टाझापिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पॅरोक्सेटिन. मानसिक आजारांसाठीची ओलान्झापिन, क्वेटियापिन, आणि फिट्ससाठीही दिली जाणारी व्हॅल्प्रोएट. आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स. अ‍ॅम्लोडिपिनने चरबी वाढत नाही, पण घोट्यांवर सूज येते.

यातली एकही गोळी स्वतःहून थांबवू नका. काही औषधं एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकतं. प्रेडनिसोलोन आणि अटेनोलॉल त्यातलीच. करायचं एवढंच: सगळ्या औषधांची यादी करा, प्रत्येकापुढे ते कधी सुरू झालं तो महिना लिहा, शेजारी त्या काळातली वजनं लिहा. एखादं औषध सुरू होणं आणि वजन अडणं एकाच सुमाराला आलं असेल तर ते कागदावर उघड दिसतं. तो कागद घेऊन डॉक्टरांना विचारा, ‘याला पर्याय आहे का, किंवा डोस कमी करता येईल का?’ पुष्कळदा पर्याय असतो.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. वजन 5-6 किलो उतरलं की रक्तदाबाच्या आणि साखरेच्या जुन्या डोसची गरज कमी होऊ शकते. उठताना चक्कर, हातपाय थरथरणं, दरदरून घाम, पहाटे अचानक भूक, ही डोस जास्त होत असल्याची चिन्हं आहेत. साखर खाली गेली की माणूस गोड खाऊन ती सावरतो, आणि त्या खाण्यानेच वजन अडतं. अशांनी आहार आणखी कमी केला तर साखर आणखी वेळा खाली जाईल. डोस आधी सुधारायला हवा.

तपासण्यांत थायरॉइड एकदा पाहून घ्या, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. थायरॉइड मंद असल्याने वाढणारं वजन सहसा दोन ते पाच किलोच असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी आणि क्षार. शिवाय थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच हा आकडा वयाबरोबर थोडा वर सरकतो. किंचित वाढलेल्या आकड्याने वजन अडत नाही. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असेल तर झोपेची तपासणी मात्र करून घ्या. झोप तुटत राहिली की भूक वाढते आणि दिवसा हालचाल कमी होते.

सात दिवस, तराजूने

अंदाजाने मोजलेलं खाणं जवळजवळ नेहमीच कमी भरतं. 1992 साली, आपण अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या काही लोकांचं खाणं प्रत्यक्ष मोजलं गेलं. त्यांनी नोंदवलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होतं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. डोळ्याला तेल दिसत नाही, एवढंच.

म्हणून सात दिवस स्वयंपाकघरातला छोटा तराजू वापरा. शिजवण्याआधीचं वजन घ्या. शिजवल्यावर पाणी मिसळतं आणि आकडे फसवतात. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही त्यात यायला हवेत.

तेलासाठी वेगळी युक्ती करावी लागते, कारण प्रत्येक फोडणीचा चमचा मोजणं कुणालाच जमत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला तेलाची बाटली किंवा डबा तराजूवर ठेवून वजन लिहा. सात दिवसांनी पुन्हा ठेवा. तळून उरलेलं तेल वेगळं काढलं असेल तर ते वजा करा. आलेल्या फरकाला जेवणाऱ्या माणसांनी आणि मग सातने भागा. समजा चार माणसांत 1,400 ग्रॅम तेल गेलं, तर माणशी रोजचे 50 ग्रॅम. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 450 कॅलरी नुसत्या तेलाच्या. जिचा दिवसाचा खर्चच 1,630 आहे तिच्यासाठी हा चौथ्या हिश्श्याहून जास्त झाला. तेच 25 ग्रॅमवर आणलं तर ताटातला एकही घास कमी न करता रोजची 225 कॅलरीची तूट मिळते. अडलेलं वजन सोडवायला एवढी पुरेशी असते, आणि प्रथिनाला धक्का लागत नाही.

तुपाचा आणि लोण्याचा हिशेब असाच करा. बाकी कुठे पाहायचं? सुकामेवा: मूठभर म्हणजे 30 ग्रॅमला 170-180 कॅलरी, आणि बरणी टेबलावर असली की मूठ दिवसातून एकदाच भरते असं नाही. चहा-कॉफीतली साखर, फळांचे रस, मध. स्वयंपाक करताना घेतलेली चव, नातवंडांच्या ताटात उरलेलं. ‘शक्तिवर्धक’ म्हणून दुधात घातल्या जाणाऱ्या पावडरी. त्यांच्या डब्यामागचं साखरेचं प्रमाण वाचा. मद्य घेत असाल तर अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला 7 कॅलरी.

प्रथिनं: किती आणि कधी

वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनाला स्नायू कमी प्रतिसाद देतात. म्हणून ज्येष्ठांची गरज तरुणांपेक्षा जास्त असते: दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम. वजन खूप जास्त असेल तर जे वजन गाठायचं आहे त्यावर हिशेब करा. 65 किलोसाठी ते 65 ते 78 ग्रॅम होतात.

नुसता दिवसाचा आकडा गाठून भागत नाही. सकाळी 8, दुपारी 15 आणि रात्री 45 ग्रॅम अशी वाटणी स्नायूंच्या फारशी कामाची नाही. प्रत्येक मुख्य जेवणात 25 ते 30 ग्रॅम मिळाले तर स्नायू बांधण्याची क्रिया नीट सुरू होते. सकाळच्या खाण्यात सगळ्यांत मोठी खोट असते, तिथूनच दुरुस्ती सुरू करा.

एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम. 250 मिली दुधात 8, 200 ग्रॅम दह्यात 7. कोरड्या 30 ग्रॅम डाळीत 7. पनीर 100 ग्रॅमला 18 ते 20, शिजलेली मासळी 100 ग्रॅमला 20 ते 25, शिजलेलं चिकन सुमारे 30. सोयाबीनचे कोरडे चंक्स 100 ग्रॅमला 50 हून जास्त, म्हणजे 30 ग्रॅममध्येच 15. यावरून दिसेल की शाकाहारी जेवणात नुसत्या डाळीवर 25 ग्रॅम गाठायला डाळ भरपूर लागते आणि तिच्याबरोबर कॅलरीही येतात. डाळीला दही, पनीर किंवा सोयाची जोड द्यावी.

भूक लवकर भागत असेल तर ताटातलं प्रथिन आधी खा, धान्याचे पदार्थ नंतर. दातांमुळे चावता येत नसेल तर मऊ शिजवलेली डाळ, अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर, मासे चालतात. चावायला त्रास होतो म्हणून नकळत मऊ, पिठूळ आणि गोड पदार्थांकडे वळणं हे वजन अडण्याचं एक दुर्लक्षित कारण आहे. दातांच्या डॉक्टरांकडे जाण्याने ते सुटू शकतं.

मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. ई-जीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) 30 च्या खाली असताना आणि डायलिसिस सुरू नसताना वरचे आकडे लागू होत नाहीत.

ताकदीचा व्यायाम

वजन अडल्यावर चालणं दुप्पट करणारे पुष्कळ असतात. चालणं चांगलंच, पण ते स्नायू राखत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 65 वर्षांपुढच्या 160 स्थूल व्यक्तींचे चार गट केले. एक गट तुलनेपुरता ठेवला, बाकी तिघांचं वजन 26 आठवड्यांत आहार आणि व्यायामाने उतरवलं गेलं. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे 9 टक्के उतरलं. पण नुसता दमश्वासाचा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन (त्यात मोठा वाटा स्नायूंचा) 5 टक्क्यांनी घटलं, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं 2 टक्क्यांनी, दोन्ही करणाऱ्यांचं 3 टक्क्यांनी. हालचालीच्या चाचण्यांत दोन्ही करणारे सर्वांत पुढे गेले. काट्यावर मात्र तिघांत फरक दिसला नसता.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, प्रत्येक वेळी 30-40 मिनिटं. पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाकून अंग गरम करा. मग पुढचे प्रकार, प्रत्येकी 8 ते 12 वेळा, दोन फेऱ्या, महिन्याने तीन. फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती.

खुर्चीतून उठणं-बसणं हा पाया. खाली येताना मनात तीन मोजा आणि धपकन बसू नका, अर्धं काम खाली येण्यातच आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा आणि काही आठवड्यांत उशी पातळ करत न्या. बारा वेळा सहज जमू लागलं की छातीशी भरलेली एक लिटरची बाटली धरा, मग दोन.

त्यानंतर ढकलणं: भिंतीवर तळवे टेकवून दंड. सोपं झालं की ओट्याच्या किंवा भक्कम टेबलाच्या कडेवर, मग त्याहून खाली. मग ओढणं: रबरी पट्टा दाराच्या भक्कम कडीला अडकवून कोपर मागे नेत खेचा, खांदे कानाकडे चढू देऊ नका. पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि कंबर उचलून दोन सेकंद धरा. ओट्याला धरून टाचा उचला. एका पायावर जमू लागलं की तसं करा. शेवटी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, सुरुवातीला तीन-तीन किलोच्या, घेऊन ताठ 20-30 मीटर चाला. पकड आणि पाठ दोन्ही यात कामाला लागतात. एका पायावर उभं राहण्याचा तोल दोन मिनिटं, ओट्याजवळच.

वजन किती घ्यायचं? फेरीच्या शेवटी आणखी फार तर दोन वेळा जमलं असतं, इतकं. बारा वेळा करूनही गप्पा मारता येत असतील तर ते वजन हलकं आहे. घरच्या व्यायामाचा उपयोग झाला नाही असं म्हणणाऱ्यांत सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच: एक किलोचे डंबेल्स तीन महिने तसेच. स्नायूला दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं जास्त काम मिळालं पाहिजे.

जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून उचललं तर रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयाचा अलीकडचा त्रास, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांची परवानगी घ्या. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून किंवा कंबर पिळून वजन उचलायचं नाही. स्नायू एक-दोन दिवस दुखणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ ठीक नाही, त्या दिवशी तो प्रकार सोडा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन अर्धा-एक किलो वाढू शकतं. नव्या कामाने स्नायू पाणी धरतात. याच टप्प्यावर बरेच जण व्यायाम सोडतात. सोडू नका, कंबर मोजा.

चालण्याचं लक्ष्य 6,000 ते 8,000 पावलं पुरे. साठीपुढे त्याहून जास्त चालण्याने आयुर्मानात फारशी भर पडत नाही असं अभ्यासांत दिसतं. आधी 3,000 होत असतील तर दर आठवड्याला 500 वाढवा. दर तासाला उठून दोन-तीन मिनिटं फिरणंही मोजणीत येतं.

आता कपात, तीही बेताने

वरचं सगळं चार-सहा आठवडे जागेवर असेल आणि तरी सरासरी वजन आणि कंबर हलत नसेल, तर रोज 150 ते 250 कॅलरी कमी करा. एकूण तूट 500 च्या पुढे नेऊ नका, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय दिवसाचं खाणं 1,200 च्या खाली नको. कापायचं ते तेल, साखर आणि धान्याचा काही भाग. प्रथिनं, भाज्या, दूध-दही नाही. वजन उतरताना हाडांची घनताही घटते, म्हणून दिवसाला 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट जीवनसत्त्व ‘ड’ मिळतंय ना ते पाहा. उतारवयात तहान नीट लागत नाही. पाणी वेळेवर प्या, नाहीतर बद्धकोष्ठ आणि चक्कर दोन्ही येतात.

भूक सहन होत नसेल, झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल तर कपात करूच नका. उलट दोन ते चार आठवडे हिशेबाने खर्चाइतकं खा. याने वजन जास्त झपाट्याने उतरेल असं नाही, पण व्यायामाला बळ येतं आणि पुढचा टप्पा निभावतो.

सेमाग्लुटाइड किंवा तिरझेपटाइड ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही वजन साधारण वर्षभराने थांबतं. औषध ‘निकामी’ झालं असं त्यातून समजू नका. त्यांच्यात काहींची भूक इतकी मरते की दिवसाला 40 ग्रॅम प्रथिनही पोटात जात नाही, आणि धोका तिथे आहे. सलग उलट्या, जुलाब, लघवी कमी होणं यांपैकी काही झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

वजन आणखी उतरायलाच हवं का?

हा प्रश्न टाळू नका. 65 नंतर बीएमआय (किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 23 च्या खाली गेला की मृत्यूचा धोका वाढताना दिसतो. थोडं जास्त वजन या वयात तरुणपणाइतकं घातक ठरत नाही. मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरल्यावर रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखीत बराचसा फायदा पदरात पडलेला असतो. 82 चे 74 म्हणजे जवळपास 10 टक्के. तपासण्या सुधारल्या असतील, खुर्चीची चाचणी 12-13 सेकंदांत होत असेल, तर आमच्या मते तिथे थांबणं हाच बरोबर निर्णय आहे, लग्नातलं वजन अजून सहा किलो लांब असलं तरी. कंबर उंचीच्या निम्म्याहून बरीच जास्त असेल आणि साखर अजून वर असेल, तर तीन महिने वजन राखून मग पुढचा टप्पा धरा.

राखायचं म्हणजे एक पट्टा ठरवायचा: आजची सरासरी, वर दीड किलो, खाली दीड किलो. सरासरी वरच्या रेषेपलीकडे सलग दोन आठवडे गेली की पुन्हा सात दिवस तराजू आणि तेलाची बाटली. काही न करता ती खालच्या रेषेपलीकडे गेली, किंवा सहा महिने ते वर्षभरात 5 टक्के वजन आपोआप उतरलं, तर आनंद मानू नका. वजनाच्या नोंदी आणि औषधांचा कागद घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.